दिवसभर वावरात राबते, मग व्यायाम कायले?

मागच्या महिन्यात या पानावर चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांच्या तब्येतीविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली तीन इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न बहुतेक पत्रांत या ना त्या शब्दांत होता. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात ३१ वर्षं नर्स होते. निवृत्त झाल्यापासून गावातल्या समाजमंदिरात बायकांचा व्यायामाचा गट चालवते. उत्तरं त्या अनुभवातून दिली आहेत.

प्रश्न : नर्सबाई, नमस्कार. माझं वय ४७. आमचं चार एकर वावर हाय, पऱ्हाटी आन तूर. घरचं काम सरलं का दुसऱ्याच्या वावरात रोजानं जातो. पहाटी चारले उठतो, रात्री दहाले अंग टेकतो. साल-दीड साल झालं, पाळी कधी दोन महिन्यानं येते, कधी पंधरा दिवसात. रातच्याले अंगाची लाही होते, लुगडं घामानं भिजते, मंग झोप लागत नाई. कंबर आन मान तर धरूनच रायते. गावात आलेल्या एका ताईनं सांगतलं का योगा करत जा. घरचे म्हनतात, दिवसभर वावरात राबते तेवढा व्यायाम पुरे नाई का? मलेबी तसंच वाटते. तुमी सांगा, आमाले योगा कायले पायजे?
(ता. दारव्हा, जि. यवतमाळ. पत्र मुलीनं लिहून दिलं आहे, शब्द आईचे.)

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. शहरातून येऊन "रोज अर्धा तास चाला" असं सांगणाऱ्यांनी तुमचा दिवस पाहिलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं की मोठ्या माणसानं आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं बऱ्यापैकी दम लागेल अशी हालचाल करावी. निंदणाच्या दिवसांत तेवढी तुमची एका दिवसात होते. त्यामुळे चालायला जा, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पण उद्या वावरात गेल्यावर एक गोष्ट नीट बघा. निंदताना तुम्ही उकिडव्या बसता, उजव्या हातात खुरपं, डाव्या हातानं गवत उपटायचं, मान खाली, आणि तशाच एकेक पाऊल पुढे सरकता. कापसाच्या वेचणीत कमरेला झोळी बांधता. खालची बोंडं वेचायला अर्ध्या वाकता, आणि झोळी भरत गेली की तिचं वजन कंबर आणखी पुढे ओढतं. घरी आलात की चूल पुढे, भांडी पुढे, झाडू पुढे. आता सांगा, दिवसभरात पाठ मागे किती वेळा गेली? डोक्यावर भारा उचलताना सोडलं तर हात खांद्याच्या वर किती वेळा गेले? पोटभर श्वास कधी घेतला? आमच्या गटातल्या बायकांना मी हेच विचारलं होतं, तर एकीलाही आठवेना.

श्रमात शरीर कामाचं ऐकतं. काम वाकायला सांगतं, ते वाकतं. सांगेल तेवढाच भाग झिजतो, बाकीचा तसाच आखडून राहतो. तुमचे हात, मांड्या दणकट आहेत यात शंका नाही. आखडलेत ते छातीचे आणि मानेचे स्नायू, आणि दिवसभर ताणून दमलीय ती पाठ. म्हणून तुम्हाला हवा आहे तो कामाच्या उलट दिशेचा व्यायाम. कष्ट आणखी वाढवायचेच नाहीत. योगातली साधी आसनं मला पटली ती एवढ्यासाठी, की त्यांत उलट दिशेला हळूच जायचं असतं आणि श्वासाकडे लक्ष ठेवून जायचं असतं.

आता वयाचं. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं म्हणायचं. त्याआधीची दोन-चार वर्षं तुमच्यासारखी गडबडीची असतात. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन कमी-जास्त होत शेवटी आटतं. ते हाडांचं राखण करत असतं, म्हणून पाळी जाण्याच्या सुमाराला आणि नंतरची काही वर्षं हाडं भराभर विरळ होतात. हे दिसत नाही, दुखत नाही. मला ते कळलं ५१व्या वर्षी. न्हाणीतल्या ओल्या फरशीवर पाय सरकला, हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. इतकी वर्षं गावोगाव सायकलनं फिरलेली बाई मी, मला वाटायचं आपल्याला काय होणार आहे. प्लास्टर निघाल्यावर एका पायावर उभं राहून पाहिलं, तर तीन सेकंदांत भिंत धरावी लागली. पायांत ताकद होती, तोल गेला होता.

तेव्हा मी शिकायला लागले. शिकवणाऱ्या बाई अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तयार झालेल्या होत्या. हे मंडळ १९१४ साली स्थापन झालं आणि १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या पथकानं तिथं आपले देशी खेळ आणि व्यायाम दाखवले होते. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या बायकांना वाटतं की हे सगळं टीव्हीवरचं, पुण्या-मुंबईचं आहे. ते आपल्या विदर्भातही शंभर वर्षांपासून आहे, फक्त वावरात जाणाऱ्या बाईपर्यंत कुणी आणलं नाही.

करायचं काय ते सांगते. वेळ पंधरा मिनिटं, आणि ती पहाटेची नको. पहाटे तुमचं अंग लाकडासारखं असतं आणि मन चुलीत. वावरातून आलात, हातपाय धुतले, की चूल पेटवायच्या आधी. आधी भिंतीला पाठ, डोकं आणि टाचा लावून उभ्या राहा. डोकं लागत नसेल तर ओढू नका, जेवढं लागतं तेवढं. दोन्ही हात भिंतीवरून घासत वर न्या, पाच वेळा. मग दाराची चौकट धरून टाचा उचला, हळू खाली ठेवा, दहा वेळा. मग चौकटीला बोट लावून एका पायावर उभ्या राहा, दहा आकडे मोजेपर्यंत, नंतर दुसऱ्या पायावर. बोट कधी काढायचं ते तुमचं तुम्हाला कळेल. मग गोधडीवर हात-गुडघे टेकून गाईसारखं उभं राहायचं. श्वास सोडताना पाठ वर फुगवायची, घेताना खाली सोडायची. शेवटी पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायची, बस तेवढंच. पूर्ण भुजंगासनाची घाई नको.

वेचणीच्या दिवसांत एवढंही जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा शिदोरी सोडायच्या आधी निंबाखाली उभ्या राहा, दोन्ही तळवे कमरेवर मागून टेकवा आणि पाच वेळा हळूच मागे वाका. तेवढ्यानंही संध्याकाळची कंबर वेगळी लागते.

राहिली शेवटची पाच मिनिटं, ती मात्र चुकवू नका. उताणं पडायचं, पाय खाटेवर ठेवायचे, म्हणजे कंबर जमिनीला टेकते. नाकानं चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, सहा आकडे मोजत सोडायचा. सोडणं लांब, एवढंच लक्षात ठेवा. श्वास असा संथ झाला की छातीतली धडधड उतरते, मन थाऱ्यावर येतं. ज्या गावांत संध्याकाळी तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते, तिथल्या बायकांना हे लवकर जमतं. हात जोडून, डोळे मिटून गप्प बसायची त्यांना सवय असते.

आमच्या गटात ५८ वर्षांची एक मावशी आहे. पहिल्या दिवशी ती उताणी पडली तर डोकं जमिनीला टेकेना, हनुवटी आभाळाकडे. चाळीस वर्षं मान पुढे राहून तशीच बसली होती. डोक्याखाली गोधडीच्या चार घड्या घातल्या तेव्हा कुठे तिला श्वास नीट घेता आला. दर महिन्याला आम्ही एक घडी उलगडायला बघायचो. पोळ्याला चार घड्या होत्या, संक्रांतीला दोन, आता एक उरली आहे. पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, "बाई, बिमार असल्याबिगर दिवसा पाठ टेकली नव्हती म्या." त्या दिवशी मला कळलं की या पाच मिनिटांची लाज वाटते, म्हणून बायका येत नाहीत. तेव्हापासून मी घरच्यांशीही बोलते. तुमच्या घरच्यांना हे पत्र वाचून दाखवा. पाच मिनिटं पाठ टेकलेली बाई आळशी नसते. पडून हाड मोडलं तर दोन महिने वावरही पडतं आणि घरही.

अंगाची लाही होते त्याबद्दल मात्र खोटी आशा देणार नाही. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४९ स्त्रियांपैकी काहींना १२ आठवडे योग करायला दिला. अंगाची लाही काही कमी झाली नाही, पण झोप सुधारली. आमच्या गटातही मी हेच पाहते. घाम येतो, पण नंतर पुन्हा डोळा लागतो. लाही फारच होत असेल, कामच सुचत नसेल, तर डॉक्टरकडे जा. त्यावर औषधं आहेत, ती तुमच्यासाठी योग्य की नाही ते तपासून ठरवतात. रात्री चहा नको, अंगावर सुती लुगडं असू द्या.

आणखी एक. पंधरा दिवसांत पाळी येते असं लिहिलंय, तर रक्त किती जातं ते बघा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. पांडुरोग असताना कुठलाही व्यायाम अंगी लागत नाही. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात दाखवा. कुणी तपासण्याआधीच "पिशवी काढून टाकू" म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. पस्तिशीत पिशवी काढलेल्या किती तरी बायका मी पाहिल्या. सोबत दोन्ही अंडाशयं काढली असतील तर जे दहा वर्षांनी व्हायचं ते त्यांच्या अंगावर एका दिवसात येतं, आणि हे त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. गुडघे दुखतात आणि वर्षभरात दोनदा पडल्या. मी मोबाईलवर चीनमधली म्हातारी माणसं बागेत फार हळू हळू व्यायाम करतात ते पाहिलं. ते आईंना करता येईल का? माझं वय ४१.
(ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : तुम्ही पाहिलं त्या व्यायामाचं नाव ‘ताई ची’. त्याचं मूळ चीनच्या हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात सांगतात, म्हणजे तेही खेड्यातूनच आलेलं. आज बागांमध्ये दिसतो तो २४ हालचालींचा सोपा प्रकार १९५६ साली बसवला गेला. २०२०मध्ये युनेस्कोनं ताई चीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

गुडघ्यांना ते चालतं. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये गुडघेदुखीच्या २०४ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१६ साली छापून आला. १२ आठवडे ताई ची करणाऱ्यांना फिजिओथेरपी घेणाऱ्यांइतकाच आराम पडला. पडण्याबद्दल तर पुरावा आणखी भक्कम आहे. २०१९ साली १०८ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा व्यायाम करणाऱ्या वयस्कर माणसांचं पडणं २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. त्यात मुख्य वाटा तोल सांभाळण्याच्या व्यायामाचा होता.

पण गावात शिकवणारं कुणी नसताना मोबाईल बघून पूर्ण २४ हालचाली करायला लावू नका. मोबाईलकडे बघताना मान वळते आणि तोल तिथेच जातो. त्यातलं सार घ्या. सार एवढंच की अंगाचं वजन एका पायावरून दुसऱ्यावर अगदी सावकाश न्यायचं. पावसाळ्यात वावराच्या निसरड्या धुऱ्यावरून जाताना आपण कसं करतो? पुढचा पाय आधी रिकामा ठेवतो, माती चाचपतो, मग हळूच भार टाकतो. तेच ओसरीवर करायचं. आई खिडकीचा गज धरून उभ्या राहतील, पाय खांद्याएवढे लांब, गुडघे किंचित सैल. सगळा भार डाव्या पायावर न्यायचा, उजवी टाच उचलायची, ठेवायची. मग भार उजव्यावर. एका बाजूला पाच आकडे लागले पाहिजेत. तुम्ही शेजारी उभ्या राहा, पण हात धरू नका, नाहीतर त्या तुमच्यावर भार टाकतील.

आठवड्यातून एकदा मोजणी करा. न हलणारी खुर्ची भिंतीला लावा, हात छातीवर बांधून आईंना उठ-बस करू द्या, आणि त्या अर्ध्या मिनिटात किती वेळा उठल्या ते तुम्ही मोजा. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी झालं तर पाय कमजोर समजतात. आकडा कॅलेंडरवर लिहा. म्हाताऱ्या माणसाला आकडा वाढलेला बघून जो हुरूप येतो, तो दुसऱ्या कशानं येत नाही. गुडघा लाल, गरम किंवा सुजलेला असेल त्या दिवशी सुट्टी द्या.

वर्षात दोनदा पडणं हे मात्र एकट्या व्यायामावर सोडायचं नाही. डोळ्यांत मोतीबिंदू आहे का बघा. बीपीची गोळी घेऊन उठल्यावर चक्कर येते का विचारा. न्हाणीतली शेवाळ खरवडून काढा, रात्री अंगणात जायच्या वाटेवर दिवा लावा, झिजलेली चप्पल फेका. आणि आईंसोबत तुम्हीही करा. ४१ हे सुरू करायचंच वय आहे. हाडांत आणि स्नायूंत आत्ता जे साठवाल तेच पुढे पुरणार आहे.

प्रश्न : गावात योगाचा वर्ग सुरू झाला, पण मी जात नाही. खोकलं, शिंकलं, पाण्यानं भरलेलं गुंड उचललं की लघवी निसटते. लोकांत लाज जाईल ही भीती वाटते. वय ५२, तीन बाळंतपणं घरीच झाली.
(जि. अकोला)

उत्तर : ताई, नोकरीत असताना हे माझ्या कानात किती जणींनी सांगितलं असेल त्याची गणती नाही. सगळ्यांना वाटायचं आपल्या एकटीलाच आहे. बाळंतपणांनी खालचे स्नायू सैल होतात आणि पाळी गेल्यावर आणखी पातळ पडतात. ते स्नायू हाता-पायांसारखेच कमावता येतात.

आधी पाठीवर, गुडघे मुडपून झोपा. वारा आणि लघवी दोन्ही रोखून धरताना आत जसं आवळतं तसं आवळा आणि वर ओढा. पोट, मांड्या, कुल्ले घट्ट होऊ द्यायचे नाहीत, श्वास चालू ठेवायचा. पाच आकडे धरा, तेवढाच वेळ सोडा. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. तीन आठवड्यांत फरक पडला नाही म्हणून सोडून देतात, तिथेच सगळं फिसकटतं. जमायला लागलं की बसून करा, मग उभ्यानं. गुंड उचलायच्या आधी, खोकला येतोय असं वाटताच, आधी आवळायचं आणि मग उचलायचं. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नका.

पाणी तोडू नका. वावरात आडोसा नाही म्हणून बायका दिवसभर घोटभर पाण्यावर काढतात, मे महिन्याच्या उन्हातसुद्धा. त्यानं लघवी जळजळते आणि निसटणं वाढतं. खाली जडपणा वाटत असेल, मायांग बाहेर आल्यासारखं हाताला लागत असेल, तर आधी तपासून घ्या.

वर्गात जा. शिकवणाऱ्या बाईंना एकटीला गाठून सांगा की कपालभाती आणि पोटावर जोर येणारं मी सध्या करणार नाही, बाकी सगळं करेन. आमच्या समाजमंदिरामागे ग्रामपंचायतीनं न्हाणीघर बांधून दिलं, त्यासाठी आम्ही दोन ग्रामसभांना सगळ्या मिळून गेलो होतो. आता व्यायामाच्या आधी सगळ्याजणी तिकडे जाऊन येतात, मग गोधड्या अंथरतात.